न पाहिलेलं पुस्तक संदर्भात कसं लिहायचं?

प्रश्न: मॅडम, मी नाशिकरोडला राहते, एम. ए. इतिहासला आहे. नाशिकच्या तांब्यापितळेच्या भांड्यांवर प्रोजेक्ट केलाय, त्यात एका पुस्तकातून गॅझेटिअरचा (जिल्ह्याची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथाचा) उतारा घेतला आणि संदर्भात डायरेक्ट 'नाशिक गॅझेटिअर' लिहून टाकलं. सरांनी लाल पेनाने गोल करून 'कोणतं? बघितलंस का?' असं लिहिलंय. पुस्तकात पण तेवढंच होतं, मग माझं काय चुकलं? आणि तांबट आळीतल्या काकांशी बोलले ते कुठे टाकू?

उत्तर: अगं, सरांनी बरोबर पकडलं तुला. गॅझेटिअर एक नाहीये ना, इंग्रजांच्या काळातलं १८८३ चं, म्हणजे मुंबई इलाख्याच्या मालिकेतला १६ वा खंड, आणि नंतरचं महाराष्ट्र सरकारचं सुधारित, आणि लोक दोन्हीला सर्रास नाशिक गॅझेटिअरच म्हणतात, मग वर्ष नसेल तर वाचणाऱ्याने कुठलं उघडायचं? त्यात तू पाहिलंय ते पुस्तक, गॅझेटिअर नाही. समजा त्या लेखकाने पान नंबर चुकवला असेल तर ती चूक आता तुझ्या नावावर.

संदर्भ लिहायची जी एपीए पद्धत आहे, तिच्यात यावर सोय आहे. मजकुरात 'गॅझेटिअर, १८८३, उद्धृत, अमुक, २०१२' असं लिहायचं आणि शेवटच्या यादीत फक्त अमुकचं पुस्तक टाकायचं, जे हातात घेऊन वाचलंयस तेच. पण खरं सांगू, हा पर्याय मूळ पुस्तक मिळतच नसेल तेव्हाचा. १८८३ चं गॅझेटिअर स्कॅन होऊन नेटवर फुकट पडलंय, नाहीतर आपलं सावाना, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिक, आहेच, १८४० पासूनचं, एकदा जाऊन विचार की. मूळ पान पाहिलंस की 'उद्धृत'ची भानगडच संपली.

'१० टक्के कॉपी चालते' असं मैत्रीण सांगेल, तर ते यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८ चे नियम, १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही एवढंच, संदर्भ न देता उचलायची परवानगी नव्हे.

राहिले काका. एपीएत अशी बोलणी मजकुरातच येतात, 'वैयक्तिक संवाद' आणि तारीख, यादीत नाही. एमएलए या दुसऱ्या पद्धतीत मात्र मुलाखत यादीतही जाते, म्हणून कॉलेजने कुठली पद्धत सांगितलीय ते आधी बघ. आणि नाव छापलेलं चालेल का, हे काकांनाच विचार, बोलताना विचारलं नसशील तर आता फोन कर.