काळी वाळू आणि तिचं माहेर

प्रश्न : केरळची काळी वाळू किरणोत्सारी असते, मग वलसाडजवळच्या तिथल किनाऱ्याची काळी वाळूही तशीच असेल का? कॉलेजात गॅमा किरण मोजणारा सोडियम आयोडाइडचा डिटेक्टर आहे. वाळू कुठल्या खडकातून आली ते त्यावर कळेल का?
– एक विद्यार्थी, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : रंगावर जाऊ नका. केरळात चवऱ्याची वाळू काळी दिसते ती इल्मेनाइट या खनिजामुळे; किरणोत्सार येतो तो मोनाझाइट या दुसऱ्या, मधाळ पिवळ्या खनिजाच्या कणांतल्या थोरियममधून. तिथलच्या मागे दख्खनचा बेसॉल्ट आहे आणि त्यात थोरियम, पोटॅशियम दोन्ही बेताचेच. ग्रॅनाइटमधल्या फेल्डस्पार या पोटॅशियमयुक्त खनिजाची पांढरट वाळूसुद्धा तिच्याहून जास्त मोजणी देऊ शकते.

नुसत्या एकूण मोजणीने काही कळत नाही, वर्णपट हवा, म्हणजे कुठल्या ऊर्जेचे किती किरण आले त्याचा आलेख. त्यात प्रत्येकाचं शिखर ठरावीक ऊर्जेला येतं. पोटॅशियम १४६१, युरेनियम मालिका १७६४ आणि थोरियम मालिका २६१५ केईव्हीला (हे ऊर्जेचं एकक) पाहा. एकाच भरतीरेषेवरून पाच-सहा ठिकाणची मिळून किलोभर वाळू घ्या. गोड्या पाण्याने मीठ काढताना बारीक जड कण वाहून जाऊ देऊ नका. ११० अंशांवर वाळवा, चाळा, डबा काठोकाठ भरा, वजन लिहून ठेवा. श्रीखंडाचा डबा चालेल असं वाटतं, पण त्याच्या झाकणातून रेडॉन हा युरेनियम मालिकेतला वायू निसटतो आणि युरेनियम कमी दिसतं. म्हणून घट्ट झाकणाचा डबा घेऊन कडेला टेप लावा आणि चार आठवडे थांबा. रेडॉनचा अर्धायुष्यकाळ ३.८ दिवस, म्हणून तो डब्यात पुन्हा पुरता साठेपर्यंत एवढा धीर धरायचा.

तसाच रिकामा डबा तितकाच वेळ मोजून वजा करा. पोटॅशियमच्या प्रमाणीकरणासाठी शुद्ध पोटॅशियम क्लोराइड वापरा. त्याचा किरणोत्सार ग्रॅमला सुमारे १६ बेकेरेल (सेकंदाला तितकी विघटनं). उन्हाळ्यात खोली तापली की शिखर सरकतं, तेव्हा ते मधूनमधून तपासत राहा. थोरियम भरपूर असेल तर ॲक्टिनियम-२२८ ची १४५९ ची रेषा पोटॅशियमच्या शिखरात मिसळते आणि हा डिटेक्टर ती वेगळी करू शकत नाही.

खरी फसगत लाटा करतात. पावसाळ्यात हलके कण वाहून गेले की त्याच किनाऱ्यावर थोरियम वाढलेलं दिसतं. खडक मात्र तोच. थोरियम-युरेनियमच्या गुणोत्तरांवरही विसंबू नका, कारण झिरकॉन या खनिजात युरेनियमचा वाटा मोनाझाइटच्या मानाने जास्त असतो. ब्रोमोफॉर्म या जड द्रवाने जड-हलके कण वेगळे करा (धूरकपाटातच, ते विषारी आहे) आणि दोन्ही भाग वेगवेगळे मोजा. मग औरंगा, पार या नद्यांच्या पात्रातली वाळूही त्याच पद्धतीने मोजा. किनाऱ्याच्या वाळूची जुळणी या नदीच्या वाळूशी करायची.

केरळहून मात्र वाळू परस्पर मागवू नका. मोनाझाइट अणुऊर्जा कायद्याखाली नियंत्रित आहे.