बाबांचे तळपाय बधिर झाले आहेत आणि डॉक्टर रोज चाला म्हणतात. त्यांनी चालावं का? जखम झाली तर?

चालू द्या. फक्त पहिल्या दिवशी बूट घालण्याआधी त्यांचे दोन्ही पाय भरपूर उजेडात तुम्ही स्वतः बघा. बोटांच्या बेचक्यांत, टाचांच्या भेगांत, अंगठ्याखालच्या घट्ट्यावर कुठे जखम, फोड किंवा ओल नाही ना? तसं काही असेल तर आधी डॉक्टर, मग चालणं.

तुम्ही लिहिलंय की मधुमेह जुना आहे, रात्री तळपायांची आग होते आणि पायातून चप्पल निसटली तरी बाबांना कळत नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. ही चप्पल निसटण्याची तक्रार मी फार ऐकते, आणि तुमच्या घरातली भीती रास्त आहे. एके काळी अशा पेशंटना चालणं टाळायलाच सांगायचे. पण २०१० साली अमेरिकन डायबेटिस असोसिएशन आणि अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन यांनी एकत्रितपणे सांगितलं की पायाला उघडी जखम नसेल तर मध्यम गतीने चालायला हरकत नाही. बसून राहिलं तर पोटऱ्या आणि मांड्या सुटतात, तोल आणखी जातो, साखर चढते, आणि चढलेली साखर नसांचं आणखी नुकसान करते.

धोका नेमका कुठे आहे ते सांगते. चप्पल चावली की आपण पाऊल वाकडं टाकतो, थांबतो, चप्पल काढतो. बाबांचं पाऊल मात्र त्याच जागेवर, तितक्याच जोराने पडत राहतं. फोड येतो, फुटतो, चिघळतो, आणि त्यांना पत्ता नसतो. म्हणून दुखण्याचं काम आता डोळ्यांनी आणि हातांनी करायचं. चालून आल्यावर दोन्ही तळवे रोज बघायचे. वाकता येत नसेल तर खाली आरसा धरायचा, नाहीतर तुम्ही बघायचं. मोजे शक्यतो पांढरे घ्या, रक्ताचा किंवा पाण्याचा डाग लगेच दिसतो. बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा. खडा, दुमडलेला मोजा, वर आलेला खिळा हाताला कळतो. नवे बूट संध्याकाळी घ्या, तोवर पाय थोडे सुजलेले असतात. आणि ते पहिल्याच दिवशी तासभर घालू नका. घरात एमसीआरची (मायक्रोसेल्युलर रबर, म्हणजे मऊ रबराची), मागे पट्टा असलेली चप्पल उत्तम. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांसाठी ही चप्पल आपल्याकडे कितीतरी वर्षं वापरली जाते आहे.

अनवाणी मात्र अजिबात नाही. बागेतला गोट्यांचा ॲक्युप्रेशर ट्रॅक, सकाळचं दवातलं गवत, काटेरी ॲक्युप्रेशर चपला हे सगळं लोक प्रेमाने सुचवतील. बाबांसाठी ते नको. दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर तळवे भाजतात आणि कळतही नाही. जाड मोजे घालून जाऊ द्या, नाहीतर दर्शन सकाळी लवकर. पावसाळ्यात ओले बूट तसेच पायात राहिले की चिखल्या होतात, म्हणून बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या.

तोलाबद्दल. जमीन पायाला नीट कळत नसली की माणूस डोळ्यांच्या भरवशावर उभा असतो. पहाटेच्या अंधारात फिरायला जाण्याची बाबांची सवय असेल तर ती मोडा. उजाडल्यावर, सपाट रस्त्याने जाऊ द्या. उभ्याने डोळे मिटून काहीही करायचं नाही. वृक्षासन भिंतीला हात लावूनच. मी तर चालणं वाढवण्याआधी घरचा व्यायाम सुरू करते: स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, ओटा धरूनच एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवून उभं राहणं. चालण्याची सुरुवात दहा मिनिटांनी करा आणि हळूहळू आठवड्याला एकूण १५० मिनिटांपर्यंत न्या. चालता चालता बोलता आलं पाहिजे, इतकाच वेग.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर निघण्याआधी साखर तपासा. १००च्या खाली असेल तर आधी थोडं खाऊन निघायचं, आणि खिशात ग्लुकोज किंवा साखर कायम हवी. उठून उभं राहिल्यावर घेरी येते का, तेही विचारा. हृदयाच्या नसांवरही मधुमेहाचा परिणाम झालेला असू शकतो, आणि मग छातीत न दुखताही हृदयाचा त्रास होतो. चालणं सुरू करण्याआधी डॉक्टरांशी याबद्दल जरूर बोला. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ तपासायला सांगा. ते कमी झालं तरी पाय बधिर होतात, आणि त्यावर औषध आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवा. एक पाऊल अचानक सुजलं, लाल झालं, हाताला दुसऱ्यापेक्षा गरम लागलं, तर ते दुखत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि त्यावर भार देऊ नका. हा शार्को फूट असू शकतो. त्यात हाडं मोडत असतात आणि माणूस चालत राहतो.

जखम किंवा सूज असताना चालणं थांबतं, व्यायाम थांबत नाही. खुर्चीत बसून हातांचे, खांद्यांचे व्यायाम रोज चालू ठेवायचे, डॉक्टर पाय टेकायला परवानगी देईपर्यंत.