वेटलिफ्टिंगच्या स्नॅच-क्लीनमध्ये, म्हणजे बार जमिनीवरून एका झटक्यात डोक्यावर (स्नॅच) किंवा खांद्यावर (क्लीन) घेताना, पाय जोरात आपटायचे असतात का? माझे पाय दरवेळी खूप फाकतात, काय करू?

नाही हो, आपटायचे वगैरे काही नसतं. पाय पटकन टेकले की आवाज आपोआप येतो, नाही आला तरी काही बिघडत नाही. मुद्दाम आवाज काढायला गेलं की लोक टाचा मागे उचलून घेतात, पाय हवेत जास्त वेळ राहतात आणि तोवर बार खाली यायला लागलेला असतो.

पुल घेताना, म्हणजे बार जमिनीवरून वर ओढताना, पाय साधारण कमरेच्या रुंदीत ठेवा, जागेवरून उभी उडी मारताना ठेवतो तसे, आणि बार घेताना ते तुमच्या स्क्वॉटच्या जागी गेले पाहिजेत, म्हणजे दोन्हीकडे थोडेसे बाहेर आणि चवडे किंचित वळलेले, बास. तुमचे फाकतात त्याचं कारण बहुतेक हे की बारखाली पूर्ण बसायचा भरवसा नाही, मग खाली बसण्याऐवजी शरीर पाय पसरून उंची कमी करतं. पण तसं केलं की खोल बसताच येत नाही आणि गुडघे आत पडतात ते वेगळंच. खडूने दोन्ही जागा प्लॅटफॉर्मवर आखून घ्या आणि रिकाम्या बारवर टॉल स्नॅच करा, म्हणजे सरळ उभं राहून, आधी गुडघे वाकवून जोर न घेता थेट बारखाली बसायचं. सोबत ओव्हरहेड स्क्वॉट, म्हणजे बार डोक्यावर धरून बैठक, खाली थांबून. वजन तोपर्यंत वाढवू नका, खरंच.

पाय पुढे पडत असतील तर पुलमध्ये वजन लवकर चवड्यांवर जातंय. किंचित मागे पडले तर चालतं, चांगले चांगले लिफ्टर मागे सरकतात.

स्प्लिट जर्कमध्ये, म्हणजे एक पाय पुढे, एक मागे टाकून खांद्यावरचा बार डोक्यावर नेताना, पुढची नडगी उभी हवी, मागची टाच वर आणि मागचा गुडघा जरासा सैल, आणि दोन पावलं एकामागे एक एकाच रेषेत नकोत नाहीतर तोल जाणारच. उठताना आधी पुढचा पाय मागे घ्या, मग मागचा पुढे. स्पर्धेत दोन्ही पाय एका ओळीत येऊन स्थिर झाल्याशिवाय डाउनचा, म्हणजे बार खाली ठेवायचा, सिग्नल मिळत नाही, त्याआधी बार सोडला की लिफ्ट गेली. मीराबाई चानूच्या टोकियो ऑलिम्पिकमधल्या ११५ किलोच्या क्लीन अँड जर्कचा व्हिडिओ स्लो करून बघा, फक्त पाय बघा.

आणि रनिंग शूज घालून हे करू नका, सोल दबतो आणि पाय कुठे टेकला तेच कळत नाही.