गांधीलमाशीच्या वेशातला पतंग

प्रश्न : सप्टेंबरमध्ये आंबोलीच्या जंगलवाटेवर भर उन्हात काळा, तीन-चार सेंटिमीटर पंखविस्ताराचा कीटक दिसला. पंखांवर पारदर्शक ठिपके, पोटावर पिवळे पट्टे. एक जोडी शेपटीला शेपटी जोडून बराच वेळ गवतावर होती. ही गांधीलमाशी का? अंडी मिळाली तर घरी वाढवता येतील?

उत्तर : गांधीलमाशी नव्हे, दिवसा उडणारा पतंग; अमाटा किंवा त्याच्या जवळच्या सिंटोमॉइडिस गटातला. नांगी नाही, चावत नाही. तोंडाला गुंडाळलेली सोंड असते. गांधीलमाशीची कंबर चिमटलेली असते, याची नसते. मागचे पंख पुढच्यांपेक्षा फारच लहान. शृंगिकांच्या (डोक्यावरच्या मिशांच्या) टोकाला गाठ नाही, म्हणजे फुलपाखरूही नव्हे. ठिपक्यांच्या जागी खवले नसल्याने आरपार दिसते. पक्षी डंखाच्या भीतीने टाळतात, म्हणूनच हा इतका निवांत, जमिनीलगत उडतो.

जात नक्की करायची तर पंख पसरलेला वरून एक आणि पोटाचा बाजूने एक, असे फोटो काढा. पट्टे किती आणि कोणत्या खंडांवर आहेत, ते मोजता आले पाहिजे. एकाच धूसर फोटोवरून ठाम नाव सांगणाऱ्यावर फार विसंबू नका. जवळच्या जाती फार सारख्या दिसतात.

मादी फिकट अंडी पुंजक्याने घालते. पावसाळी उबेत ती साधारण आठवड्याभरात फुटतात. अळ्या केसाळ, खाण्यात चोखंदळ नाहीत. अमाटा पॅसॅलिसची अळी तर चंदनाची आणि चवळीची पाने फस्त करते. मात्र तुमच्या अळ्यांना आधी सापडल्या जागचाच पाला द्या. काचेच्या बरणीला मलमल बांधा, तळाशी टिपकागद ठेवा, पाला रोज बदला. ओला पाला घातला की बुरशी येते आणि सगळी पिल्लावळ एकदम मरते. बहुतेकांचे इथेच बिघडते. बरणी उन्हात ठेवू नका. अळी बोटाने न उचलता मऊ कुंचल्याने हलवा.

वाढ पुरी झाली की अळी अंगावरचे केस रेशमात गुंफून विरळ कोश करते. तो जागचा हलवू नका. आत एक खरबरीत काडी तिरकी टेकवून ठेवा. बाहेर पडलेल्या पतंगाला लटकायला आधार नसेल तर पंख चुरगळलेलेच सुकतात. कोशातून पतंगाऐवजी माशी निघाली तर दचकू नका. तिची अळी आत आधीच वाढत होती.