भोक आधी, स्क्रू मग

लातूर : जुनं माळवदाचं घर आहे. भिंतीत स्क्रूसाठी बसवलेली गिट्टी नुसती फिरते. खांबात स्क्रू मारला तर अर्ध्यावर अडतो, कधी मुंडकंच तुटतं. फळी लावायची कशी?

भिंतीचा नाद सोडा, खांबच धरा. दगड-मातीच्या भिंतीत गिट्टीला धरायला काही नसतं. ड्रिलचं बिट सांध्यात घुसलं की माती सांडते आणि भोक मोठं होत जातं. भिंतीला पोट आलं असेल तर हॅमर ड्रिल लावूच नका. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात अशाच भिंती कोसळल्या होत्या.

तुमच्या माळवदाचं वजन खांबांवरच आहे, फळीचंही त्यांच्यावर टाका. दोन खांबांना आडवी पट्टी मारा, फळी पट्टीवर बसवा. मुंडकं तुटतं ते भोक न पाडता स्क्रू घुसवल्यामुळे. जुनं सागवान वाळून कडक झालेलं असतं, बाभूळ तर विचारूच नका. स्क्रूचे आटे सोडून मधला दांडा जेवढा जाड, तेवढं भोक हवं. 8 नंबरच्या स्क्रूला अशा लाकडात सुमारे 3 मिमी, मऊ लाकडात अडीच पुरे. पट्टीतलं भोक मात्र साडेचारचं, मोकळं ठेवा, म्हणजे स्क्रू पट्टीला खांबाकडे ओढून घेतो. बिट लाकडाचं, हॅमर बंद. किती खोल जायचं तिथे बिटाला चिकटपट्टी गुंडाळा. आट्यांना मेणबत्ती घासा. साबण नको, तो ओल धरतो आणि स्क्रू गंजतो. शेवटचे पीळ हातानेच द्या. पितळी स्क्रू हवे असतील तर आधी त्याच मापाचा लोखंडी घालून काढा. आमचे जुने सुतार गिरमिटाने हेच करायचे, फक्त घाई नसायची.

छत्रपती संभाजीनगर : मुलगा अमेरिकेत आहे. तिथे भिंत ठोकून ‘स्टड’ शोधतात. आपल्याकडे तो कुठे असतो?

तुमची भिंत विटांची असेल तर कुठेच नसतो. तिथल्या बहुतेक घरांत भिंतीच्या जिप्सम बोर्डामागे उभी लाकडं असतात, तेच स्टड, साधारण दर 16 इंचांवर, जाडी दीड इंच. स्क्रू त्या दीड इंचात बसला पाहिजे, म्हणून ती शोधाशोध.

नांदेड : दुकानात जिप्समचं पार्टिशन आहे. त्यावर टीव्ही टांगू का?

नुसत्या बोर्डावर नको. आत बहुधा पत्र्याच्या उभ्या पट्ट्या असतात. लोहचुंबक फिरवलात तर बोर्डाचे स्क्रू सापडतात आणि पट्टीची रेघ कळते. पण पत्रा पातळ, जड वजनाला आटे धरत नाहीत. बोर्ड उघडून मागे प्लायवूड घालून घ्या. फोटोफ्रेम असेल तर खुशाल लावा.

परभणी : विटांच्या भिंतीतली गिट्टी स्क्रूसकट बाहेर येते.

ती प्लॅस्टरमध्येच अडकली असणार. प्लॅस्टर पार करून विटेत गेली पाहिजे. 6 मिमीच्या गिट्टीला 6 चंच बिट, आणि भोकातली धूळ फुंकून काढा, डोळे मिटून. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली भोक नको, वायर तिथूनच जाते. सैल भोकात काड्यापेटीची काडी कोंबतात, ती घड्याळापुरती ठीक. भांड्यांच्या मांडणीला नवं भोक पाडा.