साबणीकरण अंक बरोबर, तरी साबणावर नारिंगी ठिपके

सूर्यफूल तेलाचा साबण दोन महिन्यांत खवट, वर नारिंगी ठिपके, आणि तेलाचा साबणीकरण अंक (ठराविक तेलाचा साबण व्हायला किती अल्कली लागते तो आकडा) मात्र १९१, म्हणजे बरोबर. तुमची पोस्ट वाचून माझं जुनं दुखणं आठवलं. कॉस्टिकच्या (साबणात घालायच्या अल्कलीच्या) हिशोबात शिरत नाही, तो तुम्ही नीट केलेला दिसतोय.

माझी चूक एकच होती. साबणीकरण अंक जुळला की तेल कळलं, असं मी धरून चाललो. एका प्रयोगशाळेने तो अंक आणि आम्लता तपासून 'नमुना योग्य' असा शेरा दिला. साबण खवट होतोय हे दोनदा जाऊन सांगितलं, तर दोन्ही वेळा 'अंक मर्यादेत आहेत' एवढंच उत्तर. आणखी कुठली चाचणी असते, हे सांगायला कुणाचं काय जात होतं? तोवर माझ्या चार बॅच वाया गेल्या.

साबणीकरण अंकावरून, तेल ज्यांचं बनलेलं असतं त्या फॅटी ॲसिडच्या साखळ्यांची सरासरी लांबी कळते, बस्स. खोबरेल तेलात १२ कार्बनचं लॉरिक ॲसिड भरपूर, म्हणून त्याचा अंक २५० च्या आसपास जातो. पण ओलेइक आणि लिनोलेइक, दोन्ही १८ कार्बनचीच. ओलेइकमध्ये दुहेरी बंध एक, लिनोलेइकमध्ये दोन. त्या दोन बंधांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सहज सुटतो आणि ऑक्सिजन तिथेच शिरकाव करतो. म्हणून लिनोलेइक दहापटीहून जास्त वेगाने खराब होतं. नेहमीच्या सूर्यफूल तेलात ते साधारण ४८ ते ७४ टक्के असतं. हाय-ओलेइक वाणाच्या तेलात ओलेइकच ७५ टक्क्यांच्या वर. नाव दोघांचं सूर्यफूलच!

हा फरक आयोडीन अंकात (तेलात दुहेरी बंध किती, ते सांगणारा आकडा) दिसतो: नेहमीच्या तेलाचा ११८ ते १४१, हाय-ओलेइकचा ७८ ते ९०. जमलं तर गॅस क्रोमॅटोग्राफीने पूर्ण फॅटी ॲसिड प्रोफाइलच, म्हणजे कुठलं ॲसिड किती टक्के ते, काढून घ्या. शेतात सूर्यफुलाचे दाणे भरताना हवा थंड असेल तर लिनोलेइक वाढतं, त्यामुळे जुन्या रिपोर्टवर नवा माल घेऊ नका.

मी रसायनशास्त्र शिकलेलो नाही, हे अनुभवाचं मत समजा: लिनोलेइकवालं तेल मी एकूण तेलाच्या १५ टक्क्यांवर नेत नाही, आणि सुपरफॅटही (साबण न होता उरणारं जादा तेल) कमी ठेवतो. तांब्याची भांडी तर नकोच, लोखंडाचीही नकोत, त्यांनी तेल लवकर खवट होतं. व्हिटॅमिन ई घाला असं कुणी सुचवेल. त्याने खवटपणा लांबतो, टळत नाही.

त्याच तेलाची न उघडलेली बाटली असेल तर तिचा आयोडीन अंक काढा. उघडी नको, तेल खराब होत गेलं की हा अंक उतरतो. आकडा आला की इथे लिहा.