एकच चप्पल

प्रश्न : ताई, अकोले (जि. अहिल्यानगर) इथली आमची 1991ची दहावीची बॅच दिवाळीनंतर भेटणार आहे. आमच्यातला एक मित्र विसाव्या वर्षी गेला, ऐन पावसाळ्यात धबधब्याच्या कडेवरून पाय घसरून. भीती कशाशी खातात ते त्याला ठाऊक नव्हतं. नववीत, मामाकडे जातो असं घरी सांगून, तो आम्हा चौघांना रतनगडावर घेऊन गेला होता. नेढ्यात, म्हणजे खडकाला आरपार पडलेल्या भोकात, बसल्यावर वाऱ्यानं एकमेकांचं बोलणंही ऐकू येत नव्हतं. आता व्हॉट्सअॅपच्या गटावर त्याचं नाव निघालं की सगळे हात जोडल्याचं चित्र टाकतात आणि विषय संपतो. त्याची आई गावातच असते. त्यांना कार्यक्रमाला बोलवावं, की खपली काढल्यासारखं होईल? त्या दिवशी त्यानं मलाही बोलावलं होतं. मी गेलो नाही. — एक वाचक, नाशिक

उत्तर : बोलवा. पण त्याआधी एकदा घरी जाऊन या. इतक्या वर्षांनी मुलाचं नाव भर हॉलमध्ये, माइकवरून कानावर पडावं, असं त्यांच्या बाबतीत करू नका.

मी जुन्नरची. माझी मैत्रीण आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. शिवनेरीवर जायला सात दरवाज्यांची चांगली बांधीव वाट आहे, पण तिला ती म्हाताऱ्यांची वाटायची. 1974 साली, आठवीत असताना, एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती मला लेण्यांच्या बाजूनं साखळीच्या वाटेनं घेऊन गेली. खडकात खोदलेल्या पायऱ्या आणि आधाराला साखळी. ती परकर खोचून पुढे. ‘खाली बघू नकोस, माझ्या टाचा बघ,’ एवढंच म्हणत होती. मी टाचाच बघत होते, म्हणून तिच्या डाव्या पायातली चप्पल निसटून माझ्या कानाजवळून खाली गेलेली मला दिसली. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. संध्याकाळी घरी सांगितलं, शिवाईच्या देवळाबाहेरून चप्पल चोरीला गेली.

बाविसाव्या वर्षी ती काविळीनं गेली. जी कुठल्या कड्याला घाबरली नाही, ती अंथरुणावर गेली, हे मला आजही सहन होत नाही.

त्यानंतर अकरा वर्षं मी तिच्या घरावरून जाणं टाळलं. मावशींना त्रास नको, असं स्वतःला सांगत राहिले. खरं तर मलाच त्यांच्यासमोर उभं राहवत नव्हतं. शेवटी एका श्रावणात गेले. काय बोलावं सुचेना, म्हणून साखळीची ती गोष्ट सांगून टाकली. मावशी गहू निवडत होत्या. ताटातला हात थांबला. म्हणाल्या, ‘तरीच! मी तेव्हापासून म्हणतेय, चोरानं एकच कशी नेली?’ मग हसता हसता डोळ्यांना पदर लावला आणि विचारलं, ‘वर गेल्यावर काही खाल्लंत का गं?’ गूळ-शेंगदाणे खाल्ले, गंगा-जमुना टाक्यांचं पाणी प्यायलो, असं सांगितलं. ते त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

आईपाशी मुलाचं जे होतं ते त्याच्या जाण्याबरोबर संपलं. त्यात नवीन भर आता फक्त तुम्ही मित्रच घालू शकता. म्हणून रतनगड सांगा, मामाचं खोटं सांगा. तो फार गुणी होता, सालस होता, असलं काही सांगू नका. त्यांनी त्याला वाढवलंय, त्यांना माहीत आहे तो कसा होता. ‘हौसच नडली’ हे वाक्य तर कुणाच्याही तोंडून येऊ देऊ नका. आजवर भेटायला येणाऱ्यांकडून त्यांनी ते पुष्कळ ऐकलं असेल.

त्या दिवशी तुम्ही गेला नाहीत, ही बोच मला कळते. पण ती पहिल्याच भेटीत त्यांच्यापुढे मांडू नका, नाहीतर तुमची समजूत घालायचं काम त्यांच्यावर येईल. पुढे कधी त्यांनी आपणहून विचारलं, तर जसं घडलं तसं सांगा.

कार्यक्रमाला यायला त्या नाही म्हणाल्या तर आग्रह धरू नका. आणि जाताना हार घालायची तसबीर नको, दहावीच्या वर्गाचा फोटो मोठा करून न्या. त्या चष्मा लावून आधी त्याला शोधतील. मग त्याच्या शेजारी कोण, मागे कोण, असं एकेकावर बोट ठेवून विचारतील. रतनगडावर गेलेल्या चौघांपैकी आणखी एखाद्याला तरी बरोबर घ्या.